आजीच्या काखेतली कोंबडी

बोस्टन, मार्च १८२५

माझ्या लाडक्या आईस,

माझा खोकला गेला. बाबांचा गुडघा कसा आहे?

'आणखी सांगा ना, काकू' म्हणत हिवाळाभर आपल्या चुलीपाशी बसलेल्या लोरिंगसाहेबांची कादंबरी आली. स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज शिपाई आले तेव्हा आजी कोंबडी काखेत घेऊन तळघरात लपली, ते सगळं त्या पुस्तकात आहे. प्रस्तावनेत म्हणतात, 'जुन्या कागदपत्रांतून शोधून काढलं.' अगं, कोंबडी तर आम्ही रडू नये म्हणून तूच घुसडलेली! ती कुठल्या कागदात सापडली मेल्याला?

आपलं आडनाव घातलंय का, असं तू विचारलं होतंस. घातलंय. शिपायांना तळघर दाखवणाऱ्या फितुराला दिलंय.

यापुढे पाहुण्याला नुसती भाकरी वाढ.

तुझीच,
मेहिटाबेल