गळ्यापर्यंत पाण्यात

प्रिय मार्युत,

तुझ्या स्मृतिवर्गातल्या नव्या मंडळींना तौनोने चार शब्द सांगावेत, असं तू लिहिलंस. तुझी इथून बदली झाली, तरी म्हातारपणी स्मरणशक्ती टिकावी म्हणून तू वर्गात शिकवलेलं त्याने काही सोडलं नाही. चालणं, मासे, ब्लूबेरी, शब्दकोडी, शनिवारी सौनाच्या खोलीत गरम वाफ घेणं आणि मग गोठलेल्या तळ्यात बर्फ फोडून केलेल्या जागी डुबकी.

गेल्या शनिवारी तो गळ्यापर्यंत पाण्यात उतरला आणि वर येईना. मी शिडीपाशी वाकून हात पुढे केला.

"बाई, तुम्ही आधी जा इथून. माझ्या अंगावर काही नाही."

"अरे, मी वियेनो, तुझी बायको! जन्मभर एकत्र सौना घेतोय आपण. ये वर."

"माझ्या बायकोने पाहिलं तर दोघांनाही झोडपेल. निदान तोंड तरी फिरवा!"

ओठ निळे पडले होते, पण परक्या बाईसमोर तो उघडा येणार नव्हता. मी पाठ फिरवली. मागे पाण्याचा आवाज थांबला. मी वळले असते तर तो वर आलाच नसता, म्हणून तशीच उभी राहिले. शेवटी शिडी करकरली.

काल डॉक्टरांनी तपासलं. "हृदय पन्नाशीतल्या माणसाचं आहे," ते खूश होऊन म्हणाले. "तुमच्या शिस्तीचं फळ. अजून वीस वर्षं हे कुठे जात नाहीत!"

हे पत्र मी टाकणार नाही. यायला जमणार नाही, एवढंच तुला फोनवर सांगेन. तू विचारशीलच, म्हणून हेही सांगेन, की तौनोची तब्येत उत्तम आहे.

वियेनो
पिएलावेसी, फिनलंड