मशीनला हात लावण्याआधी

ता. ३ जून

चि. माईस,
आशीर्वाद. धाकट्याला शेवटचा निरोप देताना तू चारचौघांत मला खुनी म्हणालीस. लॉन्ड्रीतल्या त्या मशीनला करंट येतो हे खरं, पण मुंग्या येतील इतकाच. तो पडल्यावर मी स्वतः हात लावून पाहिला, मला काही झालं नाही. त्याचं काळीजच कच्चं, त्याला मी काय करू? सोमवारपासून तिथे त्याची बायको उभी राहील. तू नर्सिंगच्या मुलींना शिकव, माझ्या धंद्यात नाक खुपसू नकोस.
लोभ ठेवायचा की नाही, तुझं तू बघ.
दादा

ता. ६ जून

ती. दादास,
नमस्कार. साष्टांग लिहायला हात धजत नाही.
तुझा हात कोरडा होता आणि पायात रबरी बूट. कोरडी कातडी करंटला अडवते. धाकट्याचे हात सोड्याच्या पाण्यात भिजलेले, पाय ओल्या फरशीवर अनवाणी. कातडीच्या आत आपण सगळे खारं पाणीच. त्यात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइडचे विद्युतभारित कण असतात, त्यांना आयन म्हणतात. तारेत जे काम इलेक्ट्रॉन करतात, ते शरीरात हे आयन करतात. हातातून शिरलेला करंट त्यांच्यामार्फत छातीतून पायांकडे गेला.
हृदयाचा प्रत्येक ठोका याच आयनांच्या पेशींत आत-बाहेर जाण्याने पडतो. बाहेरच्या करंटने तो ताल मोडला की हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलत नाही. त्याचं काळीज धडधाकट होतं, दादा. भिजल्या हातांनी तुझंही असंच थांबलं असतं.
धाकट्या वहिनीला मी हे सगळं फोनवर सांगितलंय.
कळावे. लोभ उरला नाही.
माई

ता. १५ जून

माईस,
धाकटी सोमवारी आलीच नाही. मंगळवारी तिने कामावरच्या बाकीच्या बायकांनाही दारातच अडवलं. आता मशीनला हात लावायला कोणी तयार नाही. गिऱ्हाइकं गाठोडी परत नेताहेत. घर फोडलंस, धंदा बसवलास, आता सुखाने झोप.
काल वायरमन बोलावला. मशीनमागे अर्थिंगची तार तुटलेली निघाली. ती जोडून घेतली. तुझ्या सांगण्यावरून नव्हे. वायरमनने तुटलेलं टोक माझ्यापुढे धरलं. त्यावर गंज चढला होता. ही कधीपासून अशी आहे, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. त्याने ते टोक माझ्या हातात ठेवलं.
तू मात्र हे मला विचारू नकोस. आणि या पत्राला उत्तर पाठवू नकोस.
दादा