अक्षर नसलेली डिस्क

आमगाव, मंगळवार

प्रिय स्नेहल,

परवा रविवारी परत येताना स्कूटीवर मागे बसून तू विचारलंस, "त्या हार्ड डिस्कला तू नेमकं काय काय करून पाहिलंस गं?" मी "सगळंच" म्हणाले आणि वेग वाढवला. तोंड दाखवावं लागत नव्हतं, म्हणून ते जमलं. आता क्रमाने लिहिते. मधेच पत्र ठेवून फोन करू नकोस, शेवटपर्यंत वाच.

त्या दिवशी तू माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आलीस तेव्हा मी एका मास्तरांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होते. तू ती काळी डिस्क काउंटरवर ठेवलीस आणि म्हणालीस, दिवा लागतो, पण लॅपटॉप तिला ओळखतच नाही. जुना लॅपटॉप विकताना सगळं तिच्यातच टाकलं होतंस. बायांची रेकॉर्डिंगं, प्रबंध, सगळं. तीस तारखेला जमा करायचा होता. दुसरी कॉपी आहे का विचारलं, तर म्हणालीस, "करनेवाली थी यार." तू गोंदियाची, घाबरलीस की हिंदीत जातेस. तुला तसं घाबरलेलं पाहून मला थोडं बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

का बरं वाटलं, तेही सांगते. हे काम आपण दोघींनी सुरू केलं होतं. बीएस्सी झाल्यावर, माझ्याच स्कूटीवर, पार देवरीपर्यंतची गावं. जुन्या धानांची नावं आणि ती कशी पेरायची, ते म्हाताऱ्या बायांकडून ऐकायचं. तुझ्याशी त्या नुसतं "हो मॅडम, नाही मॅडम" करायच्या. मी ओट्यावर बसून त्यांच्यासोबत तांदूळ निवडायला लागले की मग त्यांची तोंडं सुटायची. वर्षभरात माझ्या मायला लकवा झाला. मी इथे राहिले, तू नागपूरला गेलीस. गेल्या वर्षी पेपरात तुझा फोटो आला, त्याच बायांपैकी देवकाबाईंच्या अंगणात, हातात लुचई धानाची लोंबी. फोटोत मागे जी खाट दिसते ना, ती सावलीत मीच ओढून ठेवली होती, पहिल्या भेटीच्या वेळी, तेव्हापासून ती तिथेच आहे. तो पेपर मी दुकानाच्या काचा पुसायला वापरला. तुला मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फुलं पाठवली.

तर तू गेल्यावर मी डिस्क आधी दुसऱ्या पोर्टला लावली. काही नाही. माझ्या कॉम्प्युटरला लावली, तिथेही नाही. कानाशी धरली. आत नीट फिरत होती, टकटक नव्हती, म्हणजे जीव होता. तुझी वायर तोंडाशी मोडली होती. वीज तेवढी जात होती, माहिती पुढे जात नव्हती. दुसरी वायर लावली तशी कॉम्प्युटरने आवाज दिला, पण डिस्क तरी दिसेना. मग डिस्क मॅनेजमेंट उघडलं. तिथे ती होती! फक्त सी, डी असं जे अक्षर असतं, तेवढं तिला नव्हतं. मी आर दिलं. माझ्या नावाचं. आणि सगळं उघडलं. पाऊण तासही लागला नसेल.

होय स्नेहल, उघडलं.

तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. मी तुझा प्रबंध उघडला आणि त्यात माझं नाव शोधलं. एकदाही नव्हतं. म्हणून गावांचं प्रकरण वाचलं. "स्थानिक मदतनीसाच्या साहाय्याने मुलाखती घेतल्या." ते वाक्य मी किती वेळा वाचलं, ठाऊक नाही. मग फोन उचलला आणि सांगितलं की आतली चकती खराब झाली, काही हाती लागणार नाही. तू म्हणालीस, "तू बघितलंस ना? मग संपलंच."

आठ दिवसांनी तुझा फोन आला. "चल, पुन्हा गावांत जाऊ, तुझ्याशिवाय त्या बाया माझ्याशी बोलणार नाहीत." हे तू चार वर्षांत पहिल्यांदा म्हणालीस. मला इतका आनंद झाला की मी दुकान बंद ठेवलं. आणि देवकाबाईंच्या दारात त्यांची सून सुशीलाबाई म्हणाली, "माय बोलत नाही आता. नुसती पाहून राहते." तू तरी मोबाइल समोर धरून एकेका धानाचं नाव घेत राहिलीस. म्हातारी माझा हात धरून तुझ्याकडे पाहत होती. तू उठून गोठ्याकडे गेलीस आणि रडलीस. देवकाबाईंचा सव्वा तासाचा आवाज माझ्या दुकानात होता. त्याच सकाळी मी तो ऐकला होता. "लुचईले पाणी कमी लागते बाई, पर भात असा का शेजारीन वास घेत येते." आणि त्यावर खळखळून हसणारी मी. तरी मी बोलले नाही. परतताना तू माझ्या कंबरेला धरून बसली होतीस, पूर्वीसारखी. सांगितलं तर तो हात निघेल, एवढंच डोक्यात होतं.

काल तुझ्या आईचा फोन आला. तू प्रबंध सोडतेस, गुरुवारी सरांना तसं सांगणार आहेस. म्हणून हे पत्र. हे घेऊन माझा भाऊ उमेंद्र उद्या सकाळच्या गाडीने नागपूरला येतोय. त्याच्याजवळ तुझी डिस्क आहे, नवी वायर आहे आणि सगळ्याची दुसरी कॉपीसुद्धा. तीस तारखेला अजून आठ दिवस आहेत. मी तुझ्यावर जळत होते, स्नेहल, आणि त्या जळण्यात तुला अकरा दिवस रडवलं. माफ कर किंवा करू नकोस. पण मी मदतनीस नव्हते, हे तुलाही माहीत आहे. प्रबंधात माझं नाव टाक. नाही टाकलंस तरी डिस्क तुझीच आहे. फक्त मग माझ्याकडून फुलांची अपेक्षा करू नकोस.

तुझीच,
रीता