पेडलीच्या एकतीस गाड्या

कॉव्हेंट्री, २ नोव्हेंबर १९०३

चि. मर्सीस, एनॉकदादाचे अनेक आशीर्वाद.

आईचा दमा कसा आहे? घड्याळं सोडून हे काय आरंभलंस, असं विचारलंस. अगं, स्विस माल आल्यापासून आमची सगळी गल्ली माशा मारते आहे. आमच्या ‘पेडली’ मोटारसायकलचं इंजिन तेवढं बेल्जियमचं, बाकी सगळं आमच्या हातचं. वर्षात एकतीस गाड्या झाल्या! चौदाला टेकडीची शर्यत, वीसपासून लंडनचं प्रदर्शन. तुझ्या विल्फ्रेडला पाठव. तो हाडकुळा आणि बेडर. मी बसलो तर इंजिन रडेल. फोरमन गिडियन म्हणतो, पुढच्या चाकाचा चिमटा जोडावर कच्चा आहे, पुन्हा घडवू. त्याला म्हटलं, म्हातारबा, कुरकुर रविवारी देवापुढे करा.

आईच्या पायांवर डोकं. माया असू दे.
एनॉक

लडलो, १८ नोव्हेंबर

ती. दादास मर्सीचा नमस्कार.

शर्यत होऊन चार दिवस झाले, विल्फ्रेडची एक ओळ नाही. कोंबडीनं अंडं घातलं तरी कळवणारा माणूस! आई म्हणते, जावई जिंकून शेफारला असेल. मला हसू येत नाही. खरं काय ते उलट टपाली कळव.

तुझी, मर्सी

कॉव्हेंट्री, १९ नोव्हेंबर

चि. मर्सीस आशीर्वाद.

वेडे, तुझा नवरा टेकडी पहिला चढला! हात काजळीनं माखलेले, पत्र कुठून लिहील? माझ्याबरोबर लंडनला येतोय. प्रदर्शन आटोपलं की तार करतो. धावत येऊ नकोस, इथे पाय ठेवायला जागा नाही.

लोभ आहेच.
एनॉक

लडलो, ६ डिसेंबर

एनॉक,

तुझी तार २८ तारखेला मिळाली. मी इस्पितळात पोचले त्याच्या दोन तास आधी विल्फ्रेड गेला होता. नर्सनं सगळं सांगितलं. टेकडी उतरताना चिमटा तुटला तो चौदालाच. पंधराला पाय कापला. रोज सकाळी तो विचारायचा, लडलोची गाडी आली का? बायको बाळंतीण आहे, येऊ शकत नाही, असं तू नर्सला सांगितलंस. तिनं त्याला. आम्हाला मूल नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण तापात त्याला ते खरं वाटलं. तेरा दिवस तो बाळासाठी नावं शोधत होता. शेवटी ‘रूथ’ ठरवलं होतं, नर्स म्हणाली.

चिमट्याचं वाचूनही मी त्याला पाठवला. तो दोष माझा. बाकीचा तुझा.

मर्सी

कॉव्हेंट्री, ३ मार्च १९०५

प्रिय मर्सी,

हे सातवं पत्र. सहांना उत्तर नाही, तरी लिहितो. अपघाताची बातमी फुटली असती तर प्रदर्शनात आमच्याकडे कुत्रं फिरकलं नसतं, एवढंच तेव्हा सुचलं. साठ जणांनी गाड्या मागितल्या होत्या. पुढे डर्बीत आणखी एक चिमटा तुटला, एका शिक्षकाचा जबडा गेला आणि सगळे फिरले. एकतिसाच्या पुढे गाडी झालीच नाही. गेल्या महिन्यात कारखान्याचं दार बंद झालं. गिडियननं जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी पुन्हा लोकांची घड्याळं उघडून बसतो.

आईला भेटायला येऊ का? तू बोलू नकोस, दार तेवढं उघड.

तुझ्या दयेचा भुकेला, एनॉक

लडलो, ७ मार्च १९०५

एनॉक,

येऊ नकोस. आई १९ फेब्रुवारीला गेली.

अकरा दिवस अंथरुणावर होती. दाराची कडी वाजली की म्हणायची, एनॉक आला. तुला तार केली आहे असं मी तिला सांगितलं. केली नव्हती. तुझी पत्रंही तिला कधी वाचून दाखवली नाहीत. शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, तो माझ्यावर रागावलाय का? मी म्हटलं, हो.

तुझ्यावर सूड उगवल्याचं समाधान मिळेल असं मला वाटलं होतं. ती भिंतीकडे वळली. मी कितीदा हाक मारली, ती पुन्हा इकडे वळली नाही.

इतकंच कळवायचं होतं.
मर्सी