पाण्याखालचा हात

मुलुंड, मंगळवार, ११ मार्च १९८६

आज सुहासचा हात फिल्ममधून काढून टाकला. मीच काढला, माझ्या एडिटिंगच्या टेबलावर.

थंडीत बदलापूरच्या डोहात शिंगाळे मासे तळाशी एकमेकांना बिलगून बसतात, ते टिपायला हा वेडा कॅमेरा घेऊन पाण्याखाली उतरला होता. नवऱ्याचं हे शेवटचं शूटिंग ठरेल असं कुठे वाटलं होतं? महिन्याभरात कावीळ झाली आणि संपलं सगळं. आता त्याने टिपलेले मासे मी जोडत बसते.

एका शॉटमध्ये एक शिंगाळा भिंगाला येऊन चिकटला, तर याने हाताने त्याला हळूच बाजूला सारलं. अंगठ्याला चिंधी. आदल्या दिवशी माशाचा काटा लागला होता ना.

"वहिनी, हात आलाय," दिग्दर्शक खाली बघत म्हणाले. "राहू दे हवं तर."

राहू दे काय? माशांच्या शॉटमध्ये माणूस दिसला की सुहासच ओरडायचा माझ्यावर. काढला. बरोबरच केलं. मग दिवसभर चिडचिड का होतेय माझी?

तो तुकडा कचऱ्यात टाकवेना. जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून घरी आणला. सासूबाईंनी तो बल्बसमोर धरला, बराच वेळ. मासा दिसलाच नाही त्यांना. दिसली ती चिंधी. त्यांच्याच जुन्या लुगड्याची, त्यांनीच बांधलेली.

"पाण्यात सुटूक नाय मां गो?"

"नाही आई," म्हटलं. "घट्ट होती."