पान चौदावरचा नांगर

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

डोंगरातली हवा मानवली का? तिथे जहाजं नाहीत म्हणून तुम्ही बसच्या ड्रायव्हरांना वळणं कशी घ्यायची ते शिकवता, असं आत्यानं कळवलंय. बिचारे ड्रायव्हर!

माझी परीक्षा वीस तारखेला आहे. पास झाले की तुमच्यासारखीच बाहेरची जहाजं बंदरात आणणारी पायलट होईन. तऱ्हा तुमच्या वेळचीच: कोरा कागद, पेन्सिल, आणि खडक, धक्के, खोली सगळं आठवणीनं काढायचं. एक चूक झाली की सहा महिने पुन्हा टगबोटीवर. तुमची बंदराच्या नकाशांची जुनी वही पाठवाल का? पुढच्या महिन्यात मुख्य वाट खोल करायला गाळ काढणारं जहाज येतंय, म्हणजे मला मोठाली जहाजं मिळतील!

पत्राला उशीर केलात तर रुसेन.
तुमची भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

वही पाठवतोय. आत्यानं तिच्यावर गरम पातेलं ठेवलं होतं, तो डाग म्हणजे बेट समजू नकोस.

पान चौदा नीट बघ. बंदर कचेरीच्या नकाशात एक हरवलेला नांगर लाटा अडवणाऱ्या बांधामागे दाखवलाय ना, तो तिथे नाही. बावीस वर्षांपूर्वी धुक्यात मी घाबरलो आणि जिथे नांगर टाकायला सक्त मनाई, त्या मुख्य वाटेतच तो टाकायला लावला. साखळी तुटली. कचेरीत मी बांधामागची जागा सांगितली. पाणबुड्यांनी चार दिवस तिथे शोधलं, मी हूं की चूं केलं नाही. खोल गाळात होता तोवर कुणाला त्रास नव्हता, पण आता खोदणारं जहाज नेमकं त्याच्यावर येणार. कचेरीला लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा नुसता चहा पिऊन उठलो.

परीक्षेत तू पान चौदावरची खरी जागाच काढ. फार लाज वाटते गं, पण कुणाला इजा झाली तर सहन व्हायचं नाही.

तुझे बाबा

२६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काढला, पान चौदाप्रमाणे! परीक्षक म्हणजे तुमचे चेले, हल्लीचे बंदरप्रमुख. त्यांनी नांगराभोवती लाल गोल केला आणि म्हणाले की एवढी एक चूक नसती तर पास होतीस. मग सगळं सांगून टाकलं. बाबा रागावतील याची भीती नाही वाटत का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, त्यांनीच सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी पाणबुडे उतरले आणि तासाभरात सापडला! क्रेननं वर काढला तेव्हा साखळीच्या चार कड्या अजून लोंबत होत्या. बंदरप्रमुखांनी लाल गोल रबरानं खोडला. मी पास!

नांगर रंगवून कचेरीसमोर ठेवणार आहेत. खालची पाटी तयार आहे, पण कुणी हरवला ती ओळ कोरी आहे. ज्यांनी मला शिकवलं त्यांच्याबद्दल असं मला लिहवत नाही, असं बंदरप्रमुख म्हणाले.

तुमची माया आहेच, आता ती ओळ भरायचं धाडसही करा.
तुमची भिंगरी

३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आत्यानं दोनदा मोठ्यानं वाचलं. मला चष्मा सापडत नव्हता, असं मी तिला सांगितलं.

रविवारी येतोय. ती ओळ मीच लिहीन, ब्रश घेऊन ठेव. मग तू आणशील त्या जहाजावर मला चढव. मी एक शब्द बोलणार नाही. (आत्या हसतेय.) निवृत्त होईपर्यंत त्या जागेवरून जाताना मी दर वेळी दुसरीकडे बघायचो. रविवारी सरळ बघणार आहे.

तुझे बाबा