सोनालीची टाळी

बीड, दिवाळीनंतरचा रविवार

पोरांना बातमीचं चित्रण शिकवायला जातो. त्यांनी थरारपट काढला, आणि खून मलाच शिकवावा लागला. आवाज टिपायचं काम तलवाड्याच्या सोनालीचं. प्रत्येक शॉटआधी ती कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायची. त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवायचा. मी तिला नांदी म्हणून चिडवायचो.

परवा ती सहा महिन्यांसाठी ऊसतोडीला गेली. तिथं मजूर एकटा घेत नाहीत, कोयता म्हणजे दोघांची जोडी. आई आजारी, मग बापाबरोबर हीच. निघताना फोनवर म्हणाली, "सर, शेवटचा शॉट ठेवा बरं का. टाळी मीच वाजवणार हाय."

"तोवर खुनी म्हातारा होईल गं."

हसली. मी ‘ठेवतो’ म्हणालो. का म्हणालो? स्पर्धेला फिल्म उद्या, सोमवारीच द्यायची, हे तेव्हाही ठाऊक होतं.

आज पोरांतली नसरीन संकलन करत होती. पडद्यावर सोनाली येते, टाळी वाजवते, बाजूला होते. जुळलं की टाळी कापायची, नियम माझाच.

"सर, कापायचं कावून थांबवलं?"

"काही नाही. काप."

संध्याकाळी शेवटचा शॉट घेतला. टाळीला कुणी पुढे होईना, म्हणून मीच वाजवली. चित्र आणि आवाज पहिल्या झटक्यात जुळले. जुळायला नको होते.